भिंतीवरचा लाल बंब

(मंडळाच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाच्या प्रसंगी केलेले भाषण. भगिनींच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)



समोर आंब्याची डाळ आणि पन्हे आलेले असताना बोलावयास उभे राहणे हे मोठे धाडसाचे काम आहे. चिटणीसबाईंनी मला विषय विचारला, तेव्हा मी म्हटले, "घरातले आग विझवायचे यंत्र आणि त्याची निगा." त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "हळदीकुंकवाला जरा रुक्ष नाही का होणार?" रुक्ष होईल खरे. परंतु या विषयावर बोलण्याचे ऋण माझ्यावर आहे, आणि ते कोणाचे आहे हे मी पुढे सांगणारच आहे.

चैत्रातच हा विषय का, तेही सांगते. १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाच्या बोटीला आग लागली. त्या बोटीत कापसाच्या गासड्या होत्या आणि त्याच बोटीत दारूगोळाही होता. आग विझवता विझवता दोन प्रचंड स्फोट झाले. अग्निशमन दलाचे साठांहून अधिक जवान त्या दिवशी कामावर असतानाच गेले. सामान्य माणसे किती गेली त्याची तर शेकड्यांनी गणती. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस आणि पुढचा आठवडा देशभर अग्निशमन सप्ताह म्हणून पाळतात. आपल्या सातारा-सांगलीकडची माणसे पिढ्यान् पिढ्या मुंबईत ओझी वाहण्यासाठी जात आली आहेत. माथाडी म्हटले की पाटण, जावळी, शिराळा ही नावे आपोआप तोंडात येतात. तेव्हा मुंबईची गोदी आपल्याला कधीच परकी नव्हती.

आणि इतके लांब तरी कशाला जावयाचे? ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री शेजारच्या कोल्हापुरात संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. शाहू महाराजांनी उभारलेली ती वास्तू. आपल्यापैकी कितीतरी जणींनी तेथे नाटके पाहिलेली आहेत. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. सांगली म्हणजे १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभे केले ते गाव. तेथल्या माझ्या माहेरच्या घरी त्या रात्री कोणी जेवले नाही. घरातले माणूस गेल्यासारखे सगळे बसून राहिले होते.

एवढ्या मोठ्या आगींपुढे आपल्या स्वयंपाकघराची कथा ती काय, असे तुम्ही म्हणाल. परंतु कोणतीही आग पहिल्या मिनिटाला लहानच असते. ती ओंजळीएवढी असते तेव्हा घरातली बाई तिच्यासमोर उभी असते. बंबाची गाडी नव्हे. आमच्या व्यंकटपुऱ्यातल्या गल्ल्या तुम्हांला ठाऊक आहेत. चढ असा, की भाजीची पिशवी घेऊन दोनदा थांबावे लागते, आणि दोन्ही बाजूंना लावलेल्या गाड्यांतून रिक्षासुद्धा अंग चोरून जाते. अग्निशमन दलाची माणसे कितीही तत्पर असली तरी त्यांना यावयास वेळ लागणारच. आपल्याकडे म्हण आहे ना, 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी'? ती म्हण खोटी पाडण्यासाठी भिंतीवरचा लहानसा लाल बंब असतो. पण तो नुसता असून भागत नाही, हेच मला आज सांगावयाचे आहे.

आमचा जुना वाडा पाडून तेथे इमारत झाली, तेव्हा मी हौसेने दोन किलोचे एक यंत्र आणले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी टांगले. येणारीजाणारी प्रत्येक बाई विचारी, "हे काय गं?" आणि मी अभिमानाने सांगे. दसऱ्याला घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. विळी, शिलाईचे यंत्र, मिक्सर, यजमानांची स्कूटर यांच्याबरोबर त्या लाल बाटलीलाही गंध-फूल वाहून झेंडूची माळ घातली. माळ अशी घातली, की काट्याची तबकडी तिच्याखाली झाकून गेली. भगिनींनो, आमच्या घरात त्या यंत्राची पूजा नेमाने झाली, पण त्याच्याकडे कोणी पाहिले नाही.

त्याच वर्षी दिवाळीत अंगणात एका भुईनळ्याने शेजारची रद्दी पेटली. माझा मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा. त्याने धावत जाऊन यंत्र आणले, खीळ ओढली आणि एक क्षणभर दाबले. फुस्स करून पांढरा लोट आला आणि आग विझली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी खीळ पुन्हा बसवली, बाटली फडक्याने पुसली आणि जागेवर टांगली. मनात हिशेब केला, की एकच फुंकर गेली, म्हणजे अजून पंधरा आणे शिल्लक आहे. सुकलेली माळही पुन्हा तशीच घातली.

मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी आमच्याकडे सवाष्णी जेवावयास होत्या. माझ्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना सारी पेठ अक्का म्हणते, त्या पुऱ्या तळीत होत्या. दार वाजले म्हणून त्या बाहेर गेल्या. पाहुण्या आल्या, पाय धुणे, कुंकू लावणे, बोलणे यांत चार-पाच मिनिटे गेली. मोठ्या आचेवरच्या तेलाला पेटावयास ठिणगी लागत नाही. ते फार तापले की आधी धुरावते आणि मग आपोआप पेटते. अक्का परत आल्या तेव्हा कढईतल्या ज्वाळा वरच्या लाकडी फळीला लागल्या होत्या. फळीवर कागद अंथरलेला, त्यावर प्लास्टिकचे डबे.

अक्कांनी घाबरून पाणी ओतले नाही, हे त्यांचे शहाणपण. त्यांनी गॅस बंद केला, यंत्र काढले, खीळ ओढली, फळीवर नेम धरला आणि दाबले. चमचाभर पावडर खाली गळली आणि मग काहीच नाही. त्यांनी दुसऱ्यांदा दाबले, तिसऱ्यांदा दाबले. काहीतरी आपलेच चुकत असेल अशा समजुतीने त्या जवळ गेल्या, आणि तेवढ्यात फळीवरचा पेटता डबा त्यांच्या उजव्या हातावर पडला. खालच्या मजल्यावरच्या काकू आणि त्यांचा मुलगा आपले यंत्र घेऊन धावत आले. त्यांचे यंत्र चालले म्हणून घर वाचले. अक्कांचा हात वाहत्या पाण्याखाली धरला तोही त्या काकूंनीच. मी हळद शोधीत होते. त्यांनी मला थांबवले. भाजल्यावर हळद नको, शाई नको, दंतमंजन नको. निदान वीस मिनिटे साधे वाहते पाणी आणि मग डॉक्टर, हे मी त्या दिवशी शिकले.

अक्का येथे समोरच बसल्या आहेत. त्यांच्या परवानगीने मी हे सांगते आहे. चैत्रांगण काढावे तर अक्कांनी, असे पेठेत म्हणत असत. त्यांच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटे आता पुरती मिटत नाहीत, आणि चिमटीतून रांगोळीची रेघ पूर्वीसारखी सुटत नाही. त्यांनी मला आजवर एका शब्दाने दोष दिला नाही. दवाखान्यात एवढेच म्हणाल्या, "अगं, तुला तरी कुठे ठाऊक होतं?" ते खरे होते, पण त्याने मला समाधान झाले नाही. ठाऊक करून घेणे माझ्याच हातात होते.

मग मी ठाऊक करून घेतले. यंत्र दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध कारागिराकडे जाऊन मी ती बाटली पुढे ठेवली आणि विचारले, की एका फुंकरीने सगळी कशी संपली? त्यांनी ती उघडून दाखवली. आत पावडर जवळजवळ भरलेली होती. नव्हता तो वायूचा दाब. बाटलीत भुकटी असते आणि तिला जोराने बाहेर ढकलण्यासाठी नायट्रोजनसारखा कोरडा वायू दाबून भरलेला असतो. एकदा दांडी दाबली की भुकटीचे बारीक कण झडपेच्या बसण्याच्या जागी अडकतात. मग झडप घट्ट बसत नाही, आणि त्या केसाएवढ्या फटीतून वायू दिवसेंदिवस निसटत राहतो. तेव्हा पहिला नियम हा, की यंत्र एक क्षण जरी वापरले तरी ते वापरलेले समजावे आणि लगेच भरून आणावे. उष्टे यंत्र पुन्हा भिंतीवर टांगू नये.

आता यंत्र कोणते घ्यावे हे थोडक्यात सांगते. घरासाठी सामान्यतः ए.बी.सी. पावडरचे यंत्र घेतात. ए म्हणजे लाकूड, कागद, कापड. बी म्हणजे पेट्रोल, रॉकेल यांसारखी द्रवे. सी म्हणजे वायू. विजेच्या उपकरणांवरही ते चालते. तरी शक्य असेल तर आधी मेन स्विच बंद करावा. दोन किलोचे यंत्र बाटलीसकट साडेतीन किलोच्या आसपास भरते. घेताना आपल्या हाताने उचलून पाहावे. घरातल्या सासूबाईंना जे उचलत नाही ते यंत्र घरासाठी नव्हे. बाटलीवर आय.एस.आय.चा शिक्का आणि आय.एस. १५६८३ हा क्रमांक पाहावा. दुसरा प्रकार कार्बन डायऑक्साइडचा. तो संगणक, टी.व्ही. यांसाठी बरा, कारण मागे भुकटी राहत नाही. पण त्याला काट्याची तबकडी नसते. तो भरलेला आहे की नाही हे वजनावरूनच कळते. कोणाच्या माळ्यावर डोक्यावर ठोसा मारून चालवावयाचे शंकूच्या आकाराचे जुने सोडा-आम्लाचे यंत्र असेल, तर ते शोभेची वस्तू म्हणूनही ठेवू नका. त्यांचे दिवस केव्हाच गेले. आत गंजलेले असेल तर ते हातात फुटावयाचे भय असते.

कढईतल्या तेलासाठी मात्र यंत्राच्या आधी झाकण. गॅस बंद करावा, मोठे झाकण किंवा ताट आडवे सरकवीत कढईवर घालावे, आणि ती पुरती निवेपर्यंत उघडून पाहू नये. पाणी तर थेंबभरही नको. पाण्याची क्षणात वाफ होते आणि पेटते तेल छतापर्यंत उडते. अगदी जवळून पावडर मारली तरी तेल उसळते, आणि विझलेले तापते तेल पुन्हा पेटू शकते. आग कढईबाहेर गेली तर मग यंत्राची पाळी. आमच्याकडे त्या दिवशी ती पाळी आली होती, आणि यंत्र मुके निघाले.

आता निगा. मी सांगलीची माहेरवाशीण. आमच्या घरी संकष्टीला चंद्र पाहिल्याखेरीज कोणी ताटावर बसत नाही. म्हणून मी महिन्याच्या पाहणीला संकष्टीच नेमून टाकली. चंद्राची वाट पाहण्यात वेळ जातोच. तेवढ्यात यंत्र पाहून होते. पाहावयाचे ते असे. तबकडीचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना? खीळ जागेवर आणि तिचे सील न तुटलेले आहे ना? बाटलीला गंज, पोचा, रंगाचा पोपडा कोठे आहे का? खालची बाजू अवश्य पाहावी. ओल तेथेच बसते आणि गंज तेथूनच सुरू होतो. नळीला चिरा पडल्या आहेत का? आणि नळीच्या तोंडात बोट घालून पाहावे. हसू नका, आमच्या वरच्या मजल्यावर एका यंत्राच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचे घर केले होते. काटा हिरव्यात, सील शाबूत, आणि तोंड बंद! शेवटी कागदावरची तारीख वाचावी. सगळ्याला दोन मिनिटेसुद्धा लागत नाहीत.

वर्षाची तपासणी दसऱ्याच्या आधी. पूजा करावयाची तर ती तपासलेल्या हत्याराची करावी, असा आता आमच्या घरी नेम आहे. या वेळी जाणत्या माणसाला बोलवावे, कारण काटा फक्त दाब सांगतो, भुकटीची अवस्था सांगत नाही. पावसाळ्यात आपल्या साताऱ्यात भिंतींना ओल धरते, मीठ पाझरते, पापड मऊ पडतात. ओल आत शिरली तर भुकटीचे खडे होतात, आणि दाब असूनही ती बाहेर येत नाही. भुकटीच्या बाटलीची साधारण तीन वर्षांनी पाण्याच्या दाबाखाली चाचणी करतात. कार्बन डायऑक्साइडच्या बाटलीची पाच वर्षांनी. आणि भारतीय मानकाप्रमाणे भुकटीच्या यंत्राचे आयुष्य दहा वर्षांचे, कार्बन डायऑक्साइडच्याचे पंधरा वर्षांचे धरलेले आहे. हे वय बाटलीवर कोरलेल्या उत्पादनाच्या सालापासून मोजावयाचे, आपण विकत आणले त्या दिवसापासून नव्हे. दुकानात दोन वर्षे पडून राहिलेली बाटली तुमच्याकडे आठच वर्षे राहणार. दहा वर्षे झाली की कितीही चकचकीत दिसत असली तरी तिला निरोप द्यावा.

निरोप देणे आपल्याला जड जाते, हे मी जाणते. आपण बायका दुधाची पिशवीसुद्धा धुऊन ठेवणाऱ्या. माझ्या सांगलीच्या दादाचीच गोष्ट घ्या. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी गावभागातल्या आमच्या माहेरच्या घरात छातीइतके शिरले आणि काही दिवस हलले नाही. तशा पुरात हरिपूरच्या पेवांची कथा २००५ साली आपण ऐकलीच आहे. पिढ्यान् पिढ्या हळद सांभाळणारी ती भूमिगत कोठारे पाण्याने निकामी केली. पूर ओसरल्यावर दादाने आणि वहिनींनी घरातली एकेक वस्तू धुतली. यंत्रही धुतले, पुसले, टांगले. मी भेटावयास गेले तर दादा म्हणाला, "बघ, पुरातनं वाचलेली एकच वस्तू. काटा हिरव्यात आहे."

मी म्हटले, "दादा, खालून बघ." तो चिडला. पुरात त्याचे सारे वाहून गेलेले. वाचलेल्या एका वस्तूवरही बहिणीने बोट ठेवावे, हे त्याला लागले. मी तेव्हा गप्प बसले आणि रात्रभर झोपले नाही. सकाळी वहिनींनी आपण होऊन बाटली उलटी केली. तळाच्या कड्याखाली चिखल तसाच होता, आणि चिखलाखाली पत्रा गंजून पापुद्रे सुटत होते. आपल्या कुकरमध्ये शिटीच्या वेळी जो दाब असतो, त्याच्या सुमारे पंधरा पट दाब या बाटलीत नेहमी असतो. गंजलेला कुकर आपण गॅसवर ठेवतो का? मग गंजलेली बाटली नातवंडांच्या खेळण्याच्या जागी कशी टांगावयाची? दादाने ती कारागिराकडे नेली. त्याने दाब सोडून ती बाद केली. पुराच्या पाण्यात बुडालेले यंत्र तपासल्याशिवाय पुन्हा वापरू नये. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आले, तेव्हा दादाने सर्वांत आधी नवे यंत्र माळ्यावर नेऊन ठेवले आणि मला फोन करून सांगितले. आमच्यात तेवढ्यावर सगळे मिटले.

बाद झालेली बाटली भंगारवाल्याला तशीच देऊ नका. आत दाब असताना कोणी छिन्नी घातली किंवा भट्टीत टाकली तर त्या गरिबाचा जीव जाईल. परवानाधारक माणसाकडून दाब सोडवून, भुकटी काढवून मगच ती मोडीत द्यावी.

येथे एक कडवट गोष्टही सांगितली पाहिजे. एके वर्षी मी एका दुकानात यंत्र भरावयास दिले. अर्ध्या तासात ते नवा कागद चिकटवून, पुसूनपासून परत आले. पैसेही पुरे घेतले. परंतु मी देण्यापूर्वी बाटलीचे डोके आणि मान यांच्या सांध्यावर नखांच्या रंगाची एक बारीक उभी रेघ मारून ठेवली होती. बाटली उघडली असती तर रेघ तुटली असती. ती जशीच्या तशी होती. मी दुकानाचे नाव घेणार नाही. घ्यावयाचे कारणही नाही, कारण मी परत गेल्यावर त्यांनी निमूटपणे काम करून दिले. ही युक्ती फुकट आहे, ती घरोघरी करावी. बाटली आपल्यासमोर उघडावयास सांगावी, भुकटी हातात घेऊन ती पिठीसारखी सुटी आहे का ते पाहावे, आणि वजन करून घ्यावे. दूध आपण माप पाहून घेतो, मग हे का नको? ज्या इमारतींना २००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम लागू आहे, त्यांच्या सोसायटीने दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक संस्थेचा दाखला द्यावयाचा असतो. सोसायटीच्या सभेत आपण चहा करावयास उठतो, त्याऐवजी एकदा उठून, "या सहामाहीचा दाखला कोठे आहे?" एवढे विचारावे.

यंत्राची जागा शेगडीच्या डोक्यावर नव्हे, दाराजवळ असावी. शेगडीवर टांगले तर ज्वाळांतून हात घालून ते काढावे लागेल. वापरताना पाठ दाराकडे असावी. खीळ ओढावी, नळीचा नेम ज्वाळांच्या शेंड्यावर नव्हे तर बुडावर धरावा, दांडी दाबावी आणि केर काढतो तसे डावीकडून उजवीकडे फिरवावे. पाच-सहा फुटांवरून सुरुवात करावी. दोन किलोचे यंत्र आठ-दहा सेकंद चालते. एक 'शुभं करोति' म्हणूनही पुरे होत नाही तेवढा वेळ. तेवढ्यात आग आवरली नाही, किंवा ती आधीच आपल्या कमरेहून उंच गेलेली असली, तर यंत्र टाकून द्यावे, मुलांना आणि म्हाताऱ्यांना घेऊन बाहेर पडावे, दार ओढून घ्यावे आणि १०१ किंवा ११२ ला फोन करावा. दागिन्यांसाठी परत जाऊ नये. सिलिंडरच्या तोंडाशी ज्वाळा असेल तर रेग्युलेटर बंद करता येईल तेव्हाच ती विझवावी; नुसती ज्वाळा विझवली तर गॅस घरभर साठतो, आणि ते अधिक वाईट. वास आला तर १९०६ हा गॅसच्या तक्रारीचा क्रमांक आहे. आणि सिलिंडर घेताना त्याच्या पट्टीवरचे अक्षर वाचावे: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे जून अखेर, सी म्हणजे सप्टेंबर अखेर, डी म्हणजे वर्षअखेर, पुढचे दोन आकडे सालाचे. ती तारीख टळलेला सिलिंडर परत करावा. रबरी नळी पाच वर्षांनी बदलावी.

आता मंडळापुढे एक सूचना मांडते. आपण भिशी चालवतो, साड्यांची लॉट चालवतो, सहली काढतो. तसेच दरवर्षी भाद्रपद संपता संपता एका दिवशी सगळ्यांनी आपापली यंत्रे मंडळाच्या सभागृहात आणावीत. एकच कारागीर बोलवावा. सर्वांच्या समोर बाटल्या उघडाव्यात, वजन व्हावे, कागदावर तारीख पडावी. एकेकटीने दुकानात जाऊन घासाघीस करण्यापेक्षा ते स्वस्तही पडेल आणि चोखही होईल. ज्या बाटल्यांची भुकटी काढूनच टाकावयाची आहे, त्या वाया घालवू नयेत. मागच्या मैदानात एका पत्र्याच्या घमेल्यात थोडी रद्दी पेटवावी आणि प्रत्येकीने एकदा खीळ ओढून, दांडी दाबून पाहावे. पुष्कळ जणींनी हे यंत्र भिंतीवर वर्षानुवर्षे पाहिले आहे, पण खीळ ओढावयास किती जोर लागतो हे त्यांना ठाऊक नाही. ते खऱ्या आगीपुढे शिकावयाचे नसते. आणि आपल्यातली जी भगिनी एकटी राहते, तिच्या यंत्राचा काटा पाहण्याचे काम शेजारणीने आपल्याकडे घ्यावे. हळदीकुंकवाला तिच्या घरी जातोच. कुंकू लावून निघताना दाराशी एक नजर टाकावी.

ज्या घरात यंत्र विकत घेण्याची ऐपत नाही, तेथे काय? तेथे निदान कढईजवळ मोठे झाकण असावे, दाराशी कोरड्या वाळूची बादली असावी, आणि पेटते तेल सोडून जाऊ नये हा नियम असावा. या तिन्ही गोष्टींना पैसे पडत नाहीत. मंडळाच्या शिलकीतून अशा दोन-चार घरांना यंत्रे देता आली तर त्यापरते वर्धापनदिनाचे वाण दुसरे कोणते?

सभेला येण्यापूर्वी मी अक्कांना विचारले, "तुमच्याबद्दल बोलू का?" त्या म्हणाल्या, "बोल की. फक्त मला गरीब बिचारी करू नकोस. आमच्या मजल्यावरच्या चारी घरांचे काटे आता मीच बघते, तेही सांग." तर सांगते. दर संकष्टीला चंद्रोदयाच्या आधी अक्का चष्मा लावून, हातात लहानशी वही घेऊन चारी दारे फिरतात. वहीत तारीख घालतात, खूण करतात. त्यांच्या अक्षराला आता थोडा बाक आला आहे, पण गेल्या कित्येक वर्षांत एकही महिना चुकलेला नाही. आमच्या यंत्रावर झेंडूची माळ अजून पडते. फक्त ती आता बाटलीच्या गळ्यात न घालता वरच्या खिळ्याला अडकवतात, म्हणजे तबकडी उघडी राहते.

ती वही अक्कांनी आज बरोबर आणली आहे. कोणाला तशी वही आपल्या मजल्यासाठी घालावयाची असेल तर त्यांनी डाळ घेण्यापूर्वी त्यांना भेटावे.